तेल्हाऱ्याच्या काट्याचा कम्प्युटर

अकोल्यात ताजनापेठेच्या मागल्या गल्लीत नगमाचं कम्प्युटरच्या सुट्या सामानाचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे, पण पाटी वाचून कोणी येत नाही. लोक येतात ते "ती नाही म्हणणारी बाई कुठं बसते" असं विचारत. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला हात न उचलता मानेनंच दिशा दाखवतो.

तिच्या नाही म्हणण्याला कारण होतं. कुणी रॅमची पट्टी मागितली, की नगमा आधी विचारायची, बोर्ड कोणता? गिऱ्हाइकाला बोर्डाचं नाव ठाऊक नसायचं. मग ती म्हणायची, "डबा उघडून फोटू काढून आना." गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही द्या तर खरी, बसली तर बसली. त्यावर "नाई बसत" एवढं बोलून ती पुढच्याकडं वळायची. आवाज चढत नसे, उतरतही नसे. काही जण रागावून समोरच्या दुकानात जायचे आणि पट्टी घेऊनच बाहेर पडायचे. त्यांतले निम्मे आठवड्याभरात बोर्डाचा फोटो घेऊन परत यायचे. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं, याची तिनं कधी चौकशी केली नाही.

नगमा त्रेचाळीस वर्षांची आहे. घरात उर्दू बोलते, काउंटरवर वऱ्हाडी, आणि कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलताना बहुतेक गप्प असते. तिचे वडील हुसेनमिस्त्री रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. पुढं रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, तरी मिस्त्री रोज सकाळी दुकान उघडून बसत, कारण दुसरं कुठं बसावं हे त्यांना सुचत नव्हतं. नगमा दहा वर्षांची असताना त्यांच्याशेजारी बसून सोल्डर करायला, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडायला, शिकली. अकराव्या वर्षी तिनं शेजारणीचा ट्रान्झिस्टर बोलता केला. शेजारीण म्हणाली, पोट्टी हुशार आहे. मिस्त्री म्हणाले, आवाज अजून फाटतो आहे.

अमरावतीला राहून तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका मोठ्या दुकानात कम्प्युटर जोडायच्या कामाला लागली. सहा वर्षं ती तिथं होती. रोज चार-पाच कम्प्युटर जोडायची. एका उन्हाळ्यात बडनेरा रोडवरच्या एका इंटरनेट कॅफेसाठी तिनं बारा कम्प्युटर जोडले. मे महिन्यात पंधरा दिवसांत त्यांतले सात जळाले. शेठ म्हणाले, सांग त्यांना, तुमच्याकडची लाइन खराब आहे. नगमानं तसं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या, त्यांचाही कम्प्युटर तसाच गेला होता. त्या पुसदहून आणलेली मोसंबी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बेटा, आमच्याकडची लाइन तर चांगली आहे. मग काय झालं असेल?"

नगमानं संध्याकाळी जळालेला एसएमपीएस उघडला. एसएमपीएस म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. बाहेर साडेचारशे वॅट लिहिलेलं. आत पट्टीवर निम्म्या भागांच्या जागा नुसत्या छापलेल्या होत्या, भाग बसवलेलेच नव्हते. वीज वरखाली झाली तर जे आधी जळून बाकीच्यांना वाचवणार, तेच नेमके नव्हते. तिनं तो डबा शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी आत पाहिलं आणि म्हणाले, "झाकण लाव." नगमानं झाकण लावलं, चारही स्क्रू नीट बसवले, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला गेली नाही.

अकोल्याला येऊन तिनं वडिलांच्याच दुकानात आपलं सामान मांडलं. मिस्त्रींनी आपली खुर्ची तेवढी अडीच फूट मागं सरकवली. लग्नाच्या बोलण्याच्या वेळी एसटीत कंडक्टर असलेल्या गुलफामनं विचारलं की लग्नानंतर दुकान बंद करणार का. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, बरं. लग्नाआधी त्यांचं एवढंच बोलणं झालं आणि ते दोघांनाही पुरेसं वाटलं.

मागच्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर तेल्हाऱ्याजवळच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मॅनेजर केशवराव दुकानात आले. सोबत त्यांचा भाचा किशोर, आणि किशोरच्या हातात एकावर एक तीन खोकी. किशोर पुण्याला नोकरीत होता, सुट्टीवर आला होता.

केशवरावांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायचा मोठा काटा आहे. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट त्यावर चढतो, खोलीतल्या एका डब्यावर लाल आकड्यात वजन उमटतं, डब्यातून ते तारेनं कम्प्युटरमध्ये जातं आणि पावती छापून निघते. आधीचा कम्प्युटर बारा वर्षं चालला आणि पावसाळ्यात एके दिवशी सुरूच झाला नाही. दिवाळीनंतर कापूस यायला लागणार होता.

"हे नुसतं जोडून द्या," किशोर म्हणाला. "पार्ट सगळे एक नंबर आहेत. मी तीन आठवडे रिव्ह्यू बघून मागवलेत."

नगमानं खोकी उघडली. बोर्ड काढून कापडावर ठेवला, त्याच्याशेजारी रॅमची पट्टी ठेवली आणि दोन्हींकडं पाहिलं.

"नाई बसत."

"काय नाही बसत?"

"रॅम. बोर्डाचा दात पाहा कुठं हाये, अन् पट्टीची खाच पाहा कुठं हाये."

किशोरनं वाकून पाहिलं. दोन्हींत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा फरक होता.

"थोडा जोर लावून दाबली तर?" केशवरावांनी विचारलं.

"तर बसन. मंग निघनार नाई."

केशवराव थोडे मागं सरकले. नगमानं प्रोसेसरचं खोकं हातात घेऊन त्यावरचं बारीक लिहिलेलं वाचलं. "हा बसते. पन बोर्ड त्याले वळखनार नाई. बोर्ड आधीचा हाये, प्रोसेसर मागून निघाला. बोर्डाले त्याची वळख शिकवा लागते, अन् ते शिकवाले बोर्डात जुना प्रोसेसर लागते."

"म्हणजे कम्प्युटर चालू करायला चालू कम्प्युटर पाहिजे?" किशोर म्हणाला.

"या बोर्डाले तसंच हाये."

तिसऱ्या खोक्यात कॅबिनेट होतं. त्याची एक बाजू काचेची होती आणि आत रंगीत दिवे लागणारे सहा पंखे होते. एसएमपीएस त्यासोबत फुकट आलेला होता. नगमानं तो तळहातावर तोलला, हलका भरला तसा परत ठेवला. पंख्यांविषयी मात्र ती बोलली. "जिनिंगमंधी सहा पंखे म्हंजे सहा जागून रुई आत जाईन."

मग तिनं केशवरावांना विचारलं, "या कम्प्युटरवर बसते कोन?"

"एक पोट्टी हाये, आचल. पन तिले काय इचारता, ते निस्ती बटन दाबते."

"तिले घेऊन या. नाई तर फोन लावून द्या. मांगून कोन्त्या कोन्त्या तारा येतात ते मले तिच्याकडून पायजे."

किशोरला हे सगळं लागलं. त्यानं खोकी पुन्हा एकावर एक ठेवली आणि शांतपणे म्हणाला, की तुमच्याकडून सामान घेतलं नाही म्हणून तुम्ही असं बोलताय. नगमा म्हणाली, "असन." कापडावर एक स्क्रू राहिला होता, तो तिनं त्याच्या हातात दिला.

पुढचं काम अकोल्यातल्याच दुसऱ्या एका दुकानानं केलं. रॅम बदलून मिळाली, बोर्डाला प्रोसेसरची ओळख करून देण्यात आली, आणि निळे-जांभळे दिवे लावलेला कम्प्युटर तेल्हाऱ्याला काट्याच्या खोलीत जाऊन बसला. काट्याच्या तारेला नऊ भोकांचं गोल-चौकोनी तोंड होतं आणि नव्या कम्प्युटरला तसं तोंडच नव्हतं. दुकानदारानं बोटाएवढा एक कन्व्हर्टर दिला. त्याच्या एका टोकाला काट्याची तार लागायची आणि दुसरं टोक पेनड्राइव्हच्या खाचेत जायचं. आकडा पडद्यावर आला. किशोर पुण्याला गेला.

आचल सव्वीस वर्षांची. तेल्हाऱ्यातच बी.कॉम. झालेली, काट्यावर तिसरा हंगाम. ती निस्ती बटन दाबते हे केशवरावांचं म्हणणं तसं खरं होतं, पण दाबण्याआधी ती डब्यावरचा लाल आकडा बघायची, मग पडद्यावरचा बघायची, आणि मग दाबायची. असं करायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी एक ट्रॉली कापूस खाली करून परत काट्यावर आली. रिकाम्या ट्रॉलीचं वजन भरल्या ट्रॉलीएवढंच भरलं. पडद्यावर मघाचाच आकडा होता, तो हललाच नव्हता. डब्यावर बरोबर आकडा होता. आचलनं पावती हातानं लिहून दिली आणि केशवरावांना सांगितलं.

केशवरावांनी किशोरला फोन लावला. किशोर म्हणाला, बंद करून चालू करा. बंद करून चालू केल्यावर आकडा हलला. दुपारी पुन्हा अडकला. त्या दिवसापासून आचल एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रत्येक गाडीचे दोन्ही आकडे लिहू लागली. केशवरावांना वाटलं, हे उगीच डबल काम आहे. पण ज्याच्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन भरल्याएवढं आलं होतं, तो शेतकरी दुसऱ्या खेपेला आला तेव्हा आधी कॅलेंडर बघून गेला, म्हणून त्यांनी ते चालू दिलं.

नवव्या दिवशी सकाळी दहाला जिनिंगच्या मोठ्या मोटारी सुरू झाल्या, खोलीतला बल्ब नेहमीसारखा क्षणभर मंद झाला, आणि कम्प्युटरमधून टप्प असा आवाज आला. आधी निळे दिवे गेले, मग जांभळे. जळाल्याचा वास आला. एसएमपीएस गेला होता आणि जाताना बोर्ड घेऊन गेला होता.

केशवरावांनी नगमाला फोन केला. "नगमाबाई, तुमी म्हनत होत्या तसं झालं."

"मी म्हनत नोती. मी इचारत होती. तुमची पोट्टी हाये का तिथं?"

फोन आचलकडं गेला. नगमानं एकेक गोष्ट विचारली. आचलनं सांगितलं, की काट्याच्या तारेला नऊ भोकं आहेत आणि दोन बाजूंनी पिळायचे स्क्रू आहेत. पावतीचा प्रिंटर जुना टकटक करणारा आहे, त्याला रुंद तोंडाची तार लागते. वीज दहाला आणि जेवणानंतर अडीचला दबते, कारण तेव्हा मोटारी सुरू होतात. खोलीत रुई येते, खालच्या फटीतून जास्त. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याची सीडी तिच्या टेबलात आहे, आणि त्यात वेगाच्या जागी चोवीसशे भरावं लागतं.

"हे तुले कोनं सांगतलं?" नगमानं विचारलं.

"कोनी नाई. आधीचा कम्प्युटर बंद पडाच्या आधी मी समदं लिहून घेतलं होतं."

नगमा म्हणाली, "किशोरभाऊंची यादी कोनं केली होती?"

"त्यायनंच."

"तुले इचारलं होतं का?"

"मले दाखवली होती. दिवे कोन्त्या रंगाचे पायजे ते इचारलं होतं."

नगमानं कागद घेतला आणि सामान ठरवलं. प्रोसेसर साधा घेतला, कारण दिवसाला सत्तर-ऐंशी पावत्यांना वेगवान प्रोसेसर लागत नाही. एसएमपीएस तिनं शेल्फातला सर्वांत जड काढला, वॉरंटीचा कागद वाचला आणि झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघितलं. भाग जागच्या जागी होते. मोटारींच्या वेळेसाठी व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस घेतला. कॅबिनेट पत्र्याचं, एका पंख्याचं, समोर धुऊन परत लावता येईल अशी जाळी असलेलं. अडचण फक्त बोर्डाची होती. काट्याचं नऊ भोकांचं तोंड कन्व्हर्टरशिवाय लागेल आणि प्रिंटरचंही रुंद तोंड लागेल असे बोर्ड अजून बनतात, पण अकोल्यात कोणी ठेवत नाही. चार फोन केल्यावर अमरावतीत राजकमल चौकाजवळ एकाकडं एक निघाला. दुसऱ्या दिवशी गुलफामची अमरावतीची फेरी होती. तो बोर्डाचं खोकं तिकीट मशीनशेजारी मांडीवर धरून अकोल्यापर्यंत आला. मूर्तिजापूरला ड्रायव्हरनं विचारलं, यात काय आहे. गुलफाम म्हणाला, मला माहीत नाही, पण हे उलटं धरायचं नाही.

नगमानं कम्प्युटर जोडला आणि एक दिवस एक रात्र चालू ठेवला. नऊ भोकांचं तोंड या बोर्डावर थेट नव्हतं. बोर्डावर दहा पिनांची छोटी जागा होती आणि तिथून चपटी तार काढून मागल्या बाजूला तोंड बसवायचं होतं. तशी तारेची पट्टी बोर्डासोबत यायला हवी होती, आली नव्हती. नगमाच्या खणात एका जुन्या कम्प्युटरमधून काढलेली एक पट्टी होती. तिनं ती घेतली. एका टोकाला दहा, दुसऱ्या टोकाला नऊ. बरोबर बसली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती अकोटमार्गे तेल्हाऱ्याला गेली. कम्प्युटरचं खोकं एका सीटवर आणि ती शेजारी. कंडक्टर गुलफामचा ओळखीचा होता, त्यानं खोक्याचंही तिकीट फाडलं. जिनिंगवर पोचली तेव्हा काट्यापुढं चौदा ट्रॅक्टर उभे होते. शेतकरी ट्रॉलीच्या सावलीत बसून कम्प्युटर येताना बघत होते. त्यांतल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, याच्यात पण दिवे आहेत का.

आचलनं टेबल आधीच पुसून ठेवलं होतं. अर्ध्या तासात सगळं लागलं. प्रिंटरनं चाचणीची पावती काढली. सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, डब्यावर लाल आकडा उमटला, आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

नगमानं चोवीसशे भरलंय का बघितलं. भरलं होतं. तार काढून परत लावली. ट्रॅक्टर उतरवून परत चढवला. पडद्यावर शून्य. केशवराव दारात उभे होते. ते म्हणाले, "कंपनीनं खराब बोर्ड देल्ला असन."

असं म्हणायला जागा होती. बोर्ड नवा होता, अमरावतीहून आला होता, आणि त्याच्यावर ढकललं असतं तर चौदा ट्रॅक्टरवाल्यांपैकी कोणालाच काही कळलं नसतं. नगमानं कॅबिनेट उघडलं, पिशवीतून मीटर काढलं, बोर्डासोबत आलेला नकाशाचा कागद मांडीवर पसरला आणि तारेची पट्टी एका एका भोकानं तपासायला बसली. दुसऱ्या भोकाची तार बोर्डावर दुसऱ्या पिनेवर जायला हवी होती. ती तिसऱ्या पिनेवर जात होती. तिसऱ्याची पाचव्यावर.

ती पट्टी दुसऱ्या जातीच्या बोर्डाची होती. दिसायला दोन्ही सारख्या, आतल्या तारांचा क्रम वेगळा. काटा वजन सांगत होता, पण जिथं सांगत होता तिथं बोर्डाचा कान नव्हता, तोंड होतं. तिच्या दुकानात येऊन कोणी अशी पट्टी मागितली असती, तर तिनं आधी विचारलं असतं, बोर्ड कोणता. स्वतःला मात्र तिनं विचारलं नव्हतं. मिस्त्री समोर असते तर त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं असतं, आणि ते तिला आत्ता इथं तेल्हाऱ्यातही जाणवलं.

ती उठली. "केशवराव, बोर्ड चांगला हाये. चूक माही हाये. ही पट्टी या बोर्डाची नाई. मी पाहाले पायजे होतं, पाह्यलं नाई."

केशवरावांना इतक्या वर्षांत वायरमनपासून वकिलापर्यंत कोणी असं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "चहा सांगतो."

"चहा मंग. बरोबर पट्टी अमरावतीले भेटन, पन आजचा दिवस जाईन. सोल्डरची कांडी हाये का इथं कोनाजवळ?"

जिनिंगचे वायरमन नत्थुजी यांच्याकडं होती. मोटारीच्या जाड तारा जोडायची, अंगठ्याएवढ्या टोकाची. नगमानं ती हातात घेतली, बघितली, आणि नत्थुजींकडून कानस मागून टोक घासून बारीक केलं. नत्थुजी हे बघत होते. घासून झाल्यावर ते म्हणाले, "आता मोटारीले कामाची नाई राह्यली."

"नवीन आनून देईन."

"राहू द्या. दुसरी हाये."

तोंडाजवळच्या नऊच्या नऊ तारा सोडवून नव्या क्रमानं लावायच्या होत्या. आचल तार धरायची आणि नकाशा वाचून आकडा सांगायची. नगमा सोल्डर करायची आणि मीटरनं तपासायची. दोघींपैकी कोणी आकड्यांशिवाय बोललं नाही. तेवढा वेळ काट्यावर बसायला कोणी नव्हतं, म्हणून केशवराव स्वतः बसले आणि हातानं पावत्या लिहू लागले. त्यांचं अक्षर लागेना. शेतकरी पावती घेऊन खोलीच्या आतल्या बाजूला यायचे आणि आचलला दाखवायचे. ती तार न सोडता मान वळवून वाचायची आणि डब्यावरच्या आकड्याशी जुळतं का ते सांगायची. दोन पावत्या परत गेल्या. केशवराव म्हणाले, सात आणि एक त्यांच्या अक्षरात शाळेपासून सारखेच येतात.

सव्वा तास लागला. शेवटची तार लागल्यावर नगमानं नऊही तारा पुन्हा एकदा मोजल्या, कॅबिनेट बंद न करताच पट्टी जोडली आणि म्हणाली, "चढवा."

ट्रॅक्टर चढला. डब्यावर अडतीस क्विंटल वीस किलो. पडद्यावर अडतीस क्विंटल वीस किलो. दारातल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ते ट्रॅक्टर सुरू करायला निघाले.

"थांबा," आचल म्हणाली.

तिनं तोच ट्रॅक्टर उतरवला आणि परत चढवला. मग कापूस खाली करून रिकामी ट्रॉली मागवली. मग नत्थुजींना एकट्याला काट्यावर उभं केलं, पण काटा इतकं कमी वजन धरत नव्हता, तेव्हा त्यांना जायला सांगितलं. दहा वेळा तिनं दोन्ही आकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले. केशवरावांनी घड्याळ बघितलं. नगमा स्टुलावर बसून राहिली. काट्यावर रोज बसायचं होतं ते आचलला, आणि तिचं समाधान होईपर्यंत काम झालं असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, हे नगमाला कोणी सांगायची गरज नव्हती. अडीचला मोटारी सुरू झाल्या, बल्ब मंद झाला, यूपीएसनं एक बारीक शीळ घातली आणि पडद्यावरचा आकडा तसाच राहिला. त्या ट्रॅक्टरनं काटा सोडला आणि आकडा शून्यावर आला.

"हं," आचल म्हणाली. "चालते."

तेव्हा नगमानं कॅबिनेटचं झाकण लावलं. केशवरावांच्या घरून डबा आला होता, त्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. दोघींनी तो काट्याच्या खोलीतच खाल्ला. आचलनं विचारलं की तुम्ही हे कुठं शिकला. नगमानं मिस्त्रींचं सांगितलं, अमरावतीचं सांगितलं, झाकण लावून बाहेर पडल्याचंही सांगितलं.

"मंग भेव नाई वाटला? काम सोडलं तर?"

"वाटला."

"मंग?"

"मंग काई नाई. अकोल्याची गाडी भेटली."

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. मिस्त्री आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. ते डावीकडं वळून बसले. पट्टीची चूकही ऐकून घेतली. त्यांनी विचारलं की मोटारीच्या कांडीनं सोल्डर जाड पडलं असेल ना. नगमा म्हणाली, पडलं. पकडलं का? पकडलं. मग ठीक आहे, असं म्हणून ते नमाजाला उठले.

केशवराव तो किस्सा लोकांना सांगतात तेव्हा बाईचं कौतुक करत नाहीत. ते म्हणतात, "पावनेबाराले चुकली, एकाले दुरुस्त झाली." एवढं ऐकून धामणगाव रेल्वे या गावचे एक धान्याचे व्यापारी आणि चांदूर बाजारचा एक काटेवाला नगमाकडं आले. किशोरनंही पुण्याहून फोन केला. आवाज जरा अवघडलेला होता. त्याला स्वतःसाठी कम्प्युटर जोडायचा होता आणि मागवण्याआधी यादी दाखवायची होती. नगमानं यादी पाहिली, दोन ओळी खोडल्या आणि त्याला विचारलं की टेबलाखाली जागा किती आहे, कारण त्यानं निवडलेलं कॅबिनेट दोन फूट उंच होतं. किशोरनं टेबल मोजलं नव्हतं. तो मोजून सांगतो म्हणाला आणि पाच मिनिटांनी खरंच सांगितलं.

जानेवारीत संक्रांतीनंतर नगमा बरोबर क्रमाची नवी पट्टी घेऊन तेल्हाऱ्याला गेली. हंगाम जोरात होता, आवारात कापसाचे ढीग पत्र्याला टेकले होते. तिनं आचलला सांगितलं, सोल्डरचं काम घाईत झालं होतं, ही कंपनीची पट्टी लावून देते, दहा मिनिटं लागतील.

आचलनं पडद्याकडं पाहिलं, मग बाहेरच्या रांगेकडं. "चालून राह्यलं ना नगमाबाजी. हंगामात हात नका लावू."

"मार्चमंधी लावशीन?"

"मार्चमंधी लावू."

नगमानं पट्टी तिच्याकडंच ठेवली. एका चिठ्ठीवर बोर्डाचं नाव लिहून ती पट्टीला रबरानं बांधली, म्हणजे दुसरं कोणी आलं तर चुकणार नाही. आचलनं ती टेबलाच्या खणात ठेवली आणि पुढच्या ट्रॅक्टरला हात केला. नगमानं कॅबिनेटची जाळी काढून रुई झटकली, परत लावली आणि एकच्या गाडीसाठी निघाली. गाडीत खिडकीची जागा मिळाली. अकोट येईपर्यंत ती झोपली होती.